स्पेक्ट्रम प्लसच्या डब्यात ‘इश्यू टू’ चा बोर्ड कसा काय?

अश्विनी_लेस्टर

नमस्कार मंडळी, इथे जुन्या मशीनचा नाद असलेले बरेच जण दिसतात म्हणून विचारतेय. मी इंग्लंडात लेस्टरला असते. इथे कार बूट सेल भरतो, म्हणजे लोक गाडीच्या डिकीत घरातलं जुनं सामान भरून मैदानावर आणून विकतात, तिथे एका आजोबांकडून सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, घेतला. काळा, कडक प्लास्टिकची बटणं, डाव्या अंगाला रीसेटचं बटण, वरून एकदम व्यवस्थित. चालू करायच्या आधी आत काय काय साचलंय बघू म्हणून उघडला तर बोर्डावर छापलंय ‘इश्यू टू’, म्हणजे बोर्डाची दुसरी आवृत्ती, आणि सोबत १९८२. आता मी जेवढं वाचलंय त्याप्रमाणे प्लस हे मॉडेल १९८४ च्या ऑक्टोबरात आलं, मग दोन वर्षं आधीचा बोर्ड त्याच्यात कसा? कुणीतरी दोन मोडक्या मशीन जोडून एक केलीय का?

अजून एक म्हणजे प्रोसेसरच्या वर एक छोटा ट्रान्झिस्टर सरळ चिपच्या पायांना सोल्डर केलाय, हवेत लटकलेला. ते बघून माझी खात्रीच झाली की हा कुणाच्या तरी गॅरेजमधला उद्योग आहे.

मेमरी १६ के आहे का ४८ के तेही कळत नाही, वर कुठेच लिहिलेलं नाही. अ‍ॅडाप्टर मिळाला नाही पण घरात ९ व्होल्टचा एक युनिव्हर्सल अ‍ॅडाप्टर पडलाय, पिन बसते, तो लावू का? आणि त्याच आजोबांकडे एक काळा स्पेक्ट्रम प्लस टू पण होता, कॅसेट डेक बिल्ट-इन असलेला, १२८ के. पुढच्या रविवारी ते परत येणारेत. तो घ्यावा का? ते म्हणत होते की राखाडी आणि काळा प्लस टू एकच, नुसता रंग वेगळा.

प्रश्न बरेच झालेत, सांभाळून घ्या.

सोल्डरवाला_नाशिक

ताई आधी तो अ‍ॅडाप्टर बाजूला ठेवा!! बाकीचं नंतर वाचा. स्पेक्ट्रमच्या पिनेला मधे निगेटिव्ह असतं आणि बाहेर पॉझिटिव्ह, आज बाजारात मिळणारे बहुतेक अ‍ॅडाप्टर बरोबर उलटे असतात, मधे पॉझिटिव्ह. पिन बसते म्हणून लोक लावतात आणि धूर काढतात. युनिव्हर्सलला पोलॅरिटी बदलायची सोय असेल तर मधे निगेटिव्ह करा, मल्टीमीटरने स्वतः तपासा, आणि किमान दीड अँपिअर देणारा हवा (मूळचा १.४ अँपिअरचा होता). मूळचा जुना अ‍ॅडाप्टर पुढेमागे कुठे मिळाला आणि मीटरवर ९ च्या जागी १२-१३ दिसले तर घाबरू नका, तो अनरेग्युलेटेड आहे, लोड नसताना जास्तच दाखवतो.

आता बोर्डाचं. कुणी फसवलेलं नाही तुम्हाला. स्पेक्ट्रम प्लस म्हणजे आतून नवीन काहीच नव्हतं हो, जुना ४८ के चाच बोर्ड आणि वरती सिंक्लेअरच्याच क्यूएल नावाच्या मशीनसारखा डबा नि कीबोर्ड. ४० रबरी बटणांच्या जागी ५८ कडक बटणं आणि एक रीसेट. आणि सिंक्लेअरने ज्यांच्याकडे आधीचा रबरी होता त्यांच्यासाठी नुसता डबा आणि कीबोर्ड असं किट विकलं होतं, घरी आणा, जुन्यातला बोर्ड काढा, नव्यात बसवा. तुमच्या आजोबांनी किंवा त्यांच्या मुलाने १९८२-८३ मध्ये रबरी स्पेक्ट्रम घेतला असणार आणि नंतर किट आणून कपडे बदललेत त्याचे. बघा, रीसेटच्या बटणापासून दोन वायरी बोर्डावर गेल्या असतील, त्यांचं सोल्डरिंग हाताने केल्यासारखं गबाळं दिसतंय का? दिसत असेल तर किटच.

म्हणून मी नेहमी सांगतो की स्पेक्ट्रम बाहेरून ओळखायचाच नाही. डबा एक सांगतो, बोर्ड दुसरं. विकणारे डबा बघून किंमत सांगतात आणि घेणाऱ्याने बोर्ड बघून द्यायची.

१६ का ४८ हे कळायला दोन रस्ते. एक, उघडलाच आहे तर मेमरी चिपच्या रांगा मोजा. १६ के असेल तर आठ चिपची एकच रांग भरलेली असते आणि इश्यू टू वर शेजारी रिकामे सॉकेट दिसतात, आठ मेमरीचे आणि चार छोट्या लॉजिक चिपचे. म्हणजे १६ के वाल्याने नंतर बारा चिप आणून दाबल्या की ४८ के झाला. दुसरा रस्ता, चालू झाल्यावर हे द्या:

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

६५५३५ आलं तर ४८ के, ३२७६७ आलं तर १६ के. आणि हो, प्रिंट हा शब्द अक्षर अक्षर टाईप करायचा नसतो, पी चं बटण एकदा दाबलं की अख्खा शब्द उमटतो. पीक हा ओ च्या बटणावर आहे, आधी एक्स्टेंडेड मोड दाबून. पहिल्यांदा सगळ्यांचीच बोटं वाकडी होतात.

मेलेलं_झुरळ

वरच्या सोल्डरवाल्यांनी बरंच सांगितलं, मी त्या लटकलेल्या ट्रान्झिस्टरवर येतो कारण माझं आयडी त्याच खानदानातलं आहे.

तो गॅरेजमधला उद्योग नाही, कारखान्यातूनच आलाय. स्पेक्ट्रमच्या पोटात एक यूएलए नावाची चिप असते, फेरांटी कंपनीची, तीच चित्र काढते, तीच कीबोर्ड वाचते, तीच टेप आणि स्पीकर बघते. झेड८० प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झला चालतो, पण खरा कारभार यूएलएच्या हातात. सुरुवातीच्या यूएलएमध्ये चूक राहिली आणि मशीन तर विकायची घाई, २३ एप्रिल १९८२ ला जाहीर करून बसलेले. मग पहिल्या म्हणजे इश्यू वन बोर्डावर त्यांनी एक ७४एलएस०० ची चिप उलटी, पाय वर करून चिकटवली आणि बारीक वायरींनी जोडली. त्याला लोक मेलेलं झुरळ म्हणतात, दिसतंही तसंच. इश्यू टू ला झुरळ गेलं आणि त्याच्या जागी प्रोसेसरवर तो ट्रान्झिस्टर आला, त्याला स्पायडर म्हणतात. तेव्हा तुमच्यातला कोळी चुकूनही काढू नका, कचरा समजून उपटणारे महाभाग मी पाहिलेत.

इश्यू वन हातात आला तर विकू नका. त्याची रबरी बटणं फिकट राखाडी असतात, इश्यू टू पासून निळसर-करडी झाली, पण बटणं बदलता येतात म्हणून तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. इश्यू वनच्या ४८ के मध्ये वरची ३२ के मेमरी वेगळ्या छोट्या बोर्डावर असते, ती इश्यू टू मध्ये मुख्य बोर्डावर आली.

इश्यू थ्रीला हीटसिंकची जागा बदलली, मशीन थोडं कमी तापायला लागलं, रंग जुळवायचे पेचाने फिरवायचे प्रिसेट काढून टाकले. आणि एक भानगड पण झाली. टेपची इन वायर आणि कीबोर्ड एकाच पोर्टवर वाचतात, २५४ नंबरच्या. टेप काही पाठवत नसताना त्या पोर्टच्या सहाव्या बिटवर इश्यू टू मध्ये १ यायचा, इश्यू थ्री मध्ये ० यायला लागला. ज्यांनी शहाणपणाने फक्त कीबोर्डचे पाच बिट बघितले त्यांचे प्रोग्राम चालले, ज्यांनी सगळा बाईट २५५ आहे का असं विचारलं त्यांच्या गेममध्ये बटणं दाबून काहीच होईना. आजही इम्युलेटरमध्ये, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, ‘इश्यू टू कीबोर्ड’ असा टिक करायचा ऑप्शन असतो तो ह्याच्यासाठी. लोक विचारतात हे काय, कीबोर्ड तर सारखाच दिसतो.

म्हणजे न उघडता पण कळतं. एक छोटा प्रोग्राम, १० प्रिंट अ‍ॅट ०,० आणि इन २५४, मग परत १० ला जा. कुठलंही बटण न दाबता बघा. २५५ दिसलं तर इश्यू वन किंवा टू, १९१ दिसलं तर थ्री किंवा नंतरचा.

त्यापुढे फोर ए, फोर बी, फाइव्ह, सिक्स ए असे बोर्ड आले, त्यात फार मजा नाही, इश्यू फाइव्हला छोट्या छोट्या लॉजिक चिप एकत्र करून झेडएक्स८४०१ नावाची एकच चिप टाकली, गर्दी कमी झाली. वापरणाऱ्याला काही फरक नाही. दुरुस्त करणाऱ्याला आहे कारण ती चिप गेली तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

अश्विनी_लेस्टर

अरे बापरे, केवढं लिहिलंत, मनापासून आभार! आज बरोबर पोलॅरिटीचा अ‍ॅडाप्टर आला. रीसेटच्या वायरी बघितल्या, टिनचे गोळेच गोळे आहेत, म्हणजे किटच. मेमरीच्या दोन्ही रांगा भरलेल्या.

चालू केला, आमच्या टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात वायर घातली, पण डिजिटल टीव्ही काही चॅनेलच पकडत नव्हता, शेवटी मेनूमध्ये अ‍ॅनालॉग ट्यूनिंग सापडलं आणि ३६ च्या आसपास एकदम खाली ती ओळ दिसली, १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. चित्र मुंग्या आल्यासारखं आहे पण आहे. ६५५३५ आलं, आणि इन २५४ ला २५५. म्हणजे खरंच इश्यू टू आणि ४८ के.

आता दोन गोष्टी. कीबोर्डाची अर्धी ओळ, म्हणजे क्यू पासून टी पर्यंत, मेलीय. आणि चित्र साफ कसं करायचं? प्लस टू बद्दल अजून कुणीच बोललं नाही.

नाना_कोथरूड

वाचून बरं वाटलं. ह्या विषयात आमच्या पुण्याचं नाव यायलाच पाहिजे म्हणून लिहितो. इंग्लंडात प्लस निघाल्यावर इकडे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन तेच मशीन डीबी स्पेक्ट्रम प्लस ह्या नावाने विकलं. दिसायला हुबेहूब प्लस, आत ४८ के. त्या काळात शाळांमध्ये सरकारच्या क्लास प्रकल्पातून बीबीसी मायक्रो नावाचे ब्रिटिश कॉम्प्युटर यायचे, १९८४ पासून, त्यांना हात लावायला रांग आणि वर मास्तर उभे. डीबी मात्र घरात असायचा, म्हणजे ज्याच्या घरी असायचा त्याच्या घरी सगळी गल्ली.

माझ्याकडे त्याच्याही आधी मामांनी लंडनहून आणलेला रबरी होता. त्याची गंमत अशी की तो यूएचएफवर चित्र पाठवायचा, तुम्ही म्हणालात तेच ३६ नंबरचं चॅनेल, आणि आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला यूएचएफच नव्हतं, दूरदर्शन व्हीएचएफवर असल्यामुळे कुणाला गरजच नव्हती. शेवटी टिळक रोडवरच्या एका टीव्ही मेकॅनिकने मॉड्युलेटरच्या (चित्राचा अँटेनासाठी सिग्नल बनवणाऱ्या डबीच्या) आधीच व्हिडिओची वायर काढून थेट टीव्हीच्या पोटात जोडली. चित्र असं काचेसारखं स्वच्छ, की पुढे रंगीत टीव्ही आला तेव्हा रंग आले पण ती सफाई गेली. ताई, तुम्ही पण तेच करा, फक्त आता टीव्हीच्या पोटात हात घालायची गरज नाही, मागे व्हिडिओचं पिवळं भोक असतं.

कीबोर्डाचं, अर्धी ओळ गेली म्हणजे बटणं गेलेली नाहीत, खालच्या मेंब्रेनची, म्हणजे बटणांखालच्या पातळ प्लास्टिकच्या थरांची, पट्टी गेलीय. ती बोर्डाच्या सॉकेटमध्ये जिथे शिरते तिथे वाकून वाकून कडक होते आणि तडकते, चाळीस वर्षं झाली, किती टिकणार. जुनी चिकटवून बघू नका, वेळ वाया जातो. नवीन बनवलेल्या मेंब्रेन मिळतात. फक्त प्लसची मागवा, रबरीची वेगळी असते. प्लसच्या मेंब्रेनला जास्त थर असतात कारण ती जादाची बटणं खरंतर एकावेळी दोन बटणं दाबल्याचा आव आणतात, एक्स्टेंडेड मोड म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट एकत्र.

सोल्डरवाला_नाशिक

नानांनी सांगितलं ते बरोबर, कॉम्पोझिट मॉड म्हणतात त्याला. अ‍ॅस्टेक मॉड्युलेटरच्या चंदेरी डबीत दोन वायरी जातात, एक ५ व्होल्टची एक व्हिडिओची. दोन्ही डबीबाहेर सुट्या करा, ५ व्होल्टवाली टेप गुंडाळून बाजूला, व्हिडिओवाली १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून बाहेरच्या सॉकेटला, कपॅसिटरचं पॉझिटिव्ह बोर्डाकडे. बोर्ड कापायची गरज नाही, कधीही परत पूर्ववत होतं. पण इश्यू टू असल्यामुळे रंग थोडे इकडेतिकडे वाटले तर ते प्रिसेट हलकेच फिरवा, अगदी हलकेच.

आणि एक महत्त्वाचं. चालू मशीनच्या मागच्या स्लॉटमधून काही काढायचं नाही, काही घालायचं नाही. जॉयस्टिक इंटरफेस असो नाहीतर प्रिंटर. खालच्या १६ के साठी ४११६ चिप आहेत, त्यांना तीन व्होल्टेज लागतात, अधिक ५, उणे ५ आणि अधिक १२. ही बाकीची व्होल्टेज ९ मधून तयार करायला टीआर४ आणि टीआर५ असे दोन ट्रान्झिस्टर आणि एक कॉईल आहे. स्लॉट जरा तिरका सरकला, शॉर्ट झाला, की टीआर४ उडतो आणि जाताना ४११६ घेऊन जातो. मृत म्हणून माझ्याकडे येणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये हाच रोग सगळ्यात जास्त. स्क्रीनवर पट्टे येतात आणि ती कॉपीराइटची ओळ येतच नाही.

वरची ३२ के त्यामानाने सरळ. ती पण सिंक्लेअरची काटकसर बघा, ६४ किलोबिटच्या ज्या चिपचा अर्धा भाग नापास झाला असे निम्म्या भावाचे चिप घेतले, ४५३२ नावाने, कुठला अर्धा चांगला ते बोर्डावर लिंक टाकून ठरवायचं. त्यातला एखादा गेला तर सरळ पूर्ण ४१६४ घाला, चालतो. पण खालच्या ४११६ च्या जागी ४१६४ घालू नका, पाय सारखेच सोळा असले तरी ज्या पायावर ४११६ ला १२ व्होल्ट येतात तिथे ४१६४ ला ५ लागतात. लगेच राम म्हणेल.

टोस्टरॅक_१२८

प्लस टू बद्दल मी बोलतो, वाटच बघत होतो.

आजोबा चुकतायत, राखाडी आणि काळा प्लस टू एक नाहीत, अजिबात नाहीत. त्यासाठी जरा मागे जावं लागतं. १२८ के चा पहिला स्पेक्ट्रम सिंक्लेअरने स्पेनच्या इन्व्हेस्ट्रोनिकाबरोबर केला आणि १९८५ च्या सप्टेंबरात आधी स्पेनमध्येच आणला, इंग्लंडात १९८६ च्या जानेवारीत. कारण असं की स्पेनने ६४ के किंवा कमी मेमरीच्या परदेशी कॉम्प्युटरवर कर बसवला होता, आणि इंग्लंडात ४८ के प्लसचा न खपलेला माल पडून होता, मग तिथे कशाला घाई. ह्याला टोस्टरॅक म्हणतात, उजव्या बाजूला बाहेरून भलामोठा काळा हीटसिंक, आतली एवाय साउंड चिप तीन चॅनेलचा आवाज देते, आरजीबी सॉकेट आहे, वाद्यं जोडायचं मिडी आहे. चालू केलं की मेनू येतो, त्यात ४८ बेसिक निवडलं की जुना स्पेक्ट्रम. माझ्या मते स्पेक्ट्रम घ्यायचा तर हाच, बाकी सगळे एकतर अर्धवट नाहीतर दुसऱ्याचे.

दुसऱ्याचे म्हणजे ७ एप्रिल १९८६ ला अ‍ॅमस्ट्रॅड नावाच्या कंपनीने ५० लाख पौंडात सिंक्लेअरचे कॉम्प्युटर आणि नाव दोन्ही विकत घेतलं. त्यांनी त्याच वर्षी प्लस टू काढला, राखाडी, १४९ पौंड, बाजूला टेप डेक, धड टाईप करता येईल असा कीबोर्ड. आत जवळपास टोस्टरॅकच. मग १९८७ ला प्लस थ्री आला, काळा, २४९ पौंड, टेपच्या जागी तीन इंची डिस्क. ह्याचा बोर्ड नवीन, रॉम, म्हणजे आत कायमची लिहिलेली मेमरी, ६४ के झाली. आणि मग अ‍ॅमस्ट्रॅडने प्लस थ्रीचाच बोर्ड घेऊन त्यावर परत टेप डेक लावला आणि काळ्या डब्यात घालून विकला, नाव झाकणावर प्लस टू च. तो प्लस टू ए. तुमच्या आजोबांकडचा काळा म्हणजे तो, किंवा त्याच्याही नंतरचा प्लस टू बी.

काय फरक पडतो? मागच्या स्लॉटमधले सिग्नल बदलले, त्यामुळे जुने बरेच इंटरफेस चालत नाहीत, सिंक्लेअरचा इंटरफेस वन आणि त्याला लागणारा मायक्रोड्राइव्ह (छोट्या टेपवर साठवणारा) तर नाहीच. यूएलए मेमरी वाचताना प्रोसेसरला थांबवते ते मेमरीचे बँक, म्हणजे भाग, तेही बदलले, टोस्टरॅक आणि राखाडीत १, ३, ५, ७ आणि काळ्यात ४ ते ७. जे गेम यूएलए बसवर, म्हणजे डेटाच्या वायरींवर, काय सांडतेय ते वाचून टायमिंग साधायचे ते काळ्यावर अडकतात किंवा चित्र लुकलुकतं. सुरुवातीच्या प्लस थ्री आणि प्लस टू ए मध्ये एवायचा आवाजही फाटतो, दोनचार रेझिस्टर बदलले की सुधारतो, पण करावं लागतं.

आणि ताई, अ‍ॅडाप्टर मागून घ्याच. राखाडीला ९ व्होल्टची तीच पिन चालते, काळ्याला वेगळा, सहा पिनांचा डिन प्लग, ५, १२ आणि उणे १२ देणारा. तो हरवला तर आजोबांनी फुकट दिला तरी तुम्हाला महाग पडणार.

मेलेलं_झुरळ

@टोस्टरॅक_१२८ सगळं मान्य पण ‘हाच घ्या बाकी अर्धवट’ हे काही पटत नाही राव. टोस्टरॅक आज ज्या भावाला जातोय त्यात राखाडी प्लस टू येतो आणि उरलेल्या पैशात अख्खा उन्हाळा पाव-मिसळ खाता येते. कंपॅटिबिलिटी तीच, साउंड तोच, कीबोर्ड शंभर पटीने बरा. फक्त त्यातले डेकचे रबरी बेल्ट वितळून काळं तूप होतं, ते साफ करून नवीन घाला, पंधरा मिनिटांचं काम.

आणि काळा इतकाही वाईट नाही. ज्याला नुसतं लोड करून खेळायचंय त्याला ९० टक्के गोष्टी चालतात. माझा स्वतःचा राग फक्त नावावर आहे, आत प्लस थ्री आणि वर प्लस टू लिहायचं म्हणजे गिऱ्हाईकाने काय समजायचं.

एक इशारा अजून, राखाडीची आरजीबी केबल काळ्याला लावू नका. सॉकेट दिसायला तेच आठ पिनांचं, पण १२८ आणि राखाडीत ज्या पिनेवर कॉम्पोझिट व्हिडिओ येतो त्या पिनेवर प्लस थ्री आणि काळ्यात १२ व्होल्ट आहेत. टीव्हीच्या पोटात १२ व्होल्ट गेले तर मशीन सोडा, घरातले आधी तुम्हाला बाहेर काढतील.

टोस्टरॅक_१२८

कीबोर्ड बरा आहे हे मान्य. पण तो टेप डेक मशीनलाच जोडलेला, डेकचं हेड खराब झालं तर काय करणार, टोस्टरॅकला कुठलाही टेपरेकॉर्डर लावता येतो. आणि मिसळीचं म्हणाल तर मी कोल्हापूरचा आहे, आमच्याकडे ती टोस्टरॅकच्या भावात महिनाभर पुरत नाही.

रशियन_बोर्ड

मधेच शिरतो. तुम्ही सगळे इंग्लंड-इंग्लंड करताय पण स्पेक्ट्रमचे सगळ्यात जास्त अवतार तिथे झालेच नाहीत. मी कामानिमित्त काही वर्षं सेंट पीटर्सबर्गला होतो, तिथल्या जुन्या बाजारात जे बघितलं ते बघून डोकं फिरलं. त्यांना फेरांटीची यूएलए मिळायची नाही, मग त्यांनी यूएलएचं काम साध्या लॉजिक चिपांनी करून टाकलं, बोर्डावर चिपांची नुसती जत्रा. लेनिनग्राड, पेंटागॉन, स्कॉर्पियन अशी नावं. पेंटागॉन १९९१ चा, म्हणजे इंग्लंडात स्पेक्ट्रम मावळतीला लागल्यावर ह्यांचा सीझन सुरू. पेंटागॉनमध्ये तर प्रोसेसरला थांबवायची भानगडच नाही, म्हणून टायमिंग मूळ मशीनपेक्षा वेगळं, आणि तिथल्या पोरांनी त्याच टायमिंगवर डेमो (चित्र-संगीताची करामत दाखवणारे प्रोग्राम) लिहिले जे खऱ्या स्पेक्ट्रमवर नीट दिसत नाहीत. आता खरा कुठला म्हणायचा?

चेकोस्लोव्हाकियात डिडाक्टिक, रोमानियात एचसी, ब्राझीलमध्ये टीके९०एक्स, पोर्तुगालमध्ये टाइमेक्सचा टीसी२०४८. अमेरिकेत टाइमेक्सनेच १९८३ ला टीएस२०६८ काढला, साउंड चिप, कार्ट्रिज, जादाचे व्हिडिओ मोड, सगळं मूळपेक्षा सरस, फक्त रॉम बदलली आणि स्पेक्ट्रमचे बहुतेक गेम त्यावर चालेनात. तिथेच संपला.

नाना, डीबी बद्दल मला फार उत्सुकता आहे, बोर्डावर कुठला इश्यू छापलेला असायचा? फोटो आहे का कुठे?

नाना_कोथरूड

माझा डीबी भाचीने नेला, तिच्याकडे विचारतो. पण तेव्हा कोण बोर्ड वाचत होतं हो, उघडला तर वॉरंटी जाईल ह्या भीतीने चार स्क्रूंकडे बघितलंसुद्धा नाही.

ताई, तुम्ही टेपवरून लोड करणार असाल तर एक, टेपरेकॉर्डरचं हेड जरा वाकडं असलं की काही लोड होत नाही. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, टेप वाजवत ठेवून तो चुटकीभर फिरवायचा, आवाज सगळ्यात तीक्ष्ण झाला की थांबायचं. आमची निम्मी संध्याकाळ त्यातच जायची.

अश्विनी_लेस्टर

मेंब्रेन आली आणि बसवली, क्यू ते टी जिवंत! कॉम्पोझिट मॉडही नवऱ्याने केला, चित्र इतकं स्पष्ट की चित्रातले रंग एकमेकांत कसे घुसतात तेही दिसतंय, प्रत्येक आठ बाय आठच्या चौकोनात दोनच रंग हा प्रकार मी फक्त वाचला होता.

रविवारी आजोबा आले होते. काळ्याचा सहा पिनांचा अ‍ॅडाप्टर विचारला तर म्हणाले नाही, कुठेतरी असेल. मी सोडून दिला. पण त्यांच्या टेबलाखाली एक खोकं होतं, त्यात रबरी स्पेक्ट्रमचा रिकामा डबा, बोर्ड नाही, निळसर-करडी बटणं शाबूत. ते म्हणाले मुलाने नवा डबा आणला तेव्हा हा टाकायचा राहिला. दोन पौंडाला दिला. म्हणजे बहुतेक माझ्याच बोर्डाचा मूळ डबा. आता बोर्ड परत त्यात घालू का प्लसमध्येच राहू देऊ?

सोल्डरवाला_नाशिक

डबा जपून ठेवा पण बोर्ड सध्या प्लसमध्येच राहू द्या, आत्ता तर मेंब्रेन बदललीत. रबरीत घालायचा तर तिकडची मेंब्रेन पण ह्याच वयाची आहे, ती पट्टी हात लावताच तुटेल, म्हणजे दुसरी मागवावी लागेल. शिवाय रीसेटच्या वायरी सोडवाव्या लागतील. हात लावणारच असाल तर आधी इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटर बदलून घ्या, इश्यू टू वरचे आता गळायला लागलेत, आणि ७८०५ रेग्युलेटरच्या जागी स्विचिंग मॉड्यूल टाका, हीटसिंक थंड राहतो. सगळं झालं की सांगा, कपॅसिटरची यादी देतो.